मंगळवारी सकाळी अकराचा उपद्रव

सांगतो. पण आधीच बजावून ठेवतो, ह्यातल्या एका शब्दावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचाच बसलेला नाही. ह्या शेजारच्या न्हाव्यानं तर अर्धी दाढी झालेली असताना मला खुर्चीवरून उठवलं होतं. म्हणाला, "काका, उरलेली उद्या या, हसून हसून माझा हात थरथरतोय." तेव्हा तुम्हीही विश्वास ठेवायच्या भानगडीत पडू नका. फक्त त्या मधल्या पायरीवर बसा, छातीशी धरलेली पाटी मांडीवर घ्या आणि ऐका.

"आजोबा, माझे फक्त सात प्रश्न आहेत."

असू देत की. सातांचीही उत्तरं ह्याच गोष्टीत आहेत, फक्त ओळीनं नाहीत. तुमच्या कागदावर वर काय छापलंय ते मला चष्म्याशिवाय वाचता येतं. 'संयुक्त उपद्रव निर्मूलन मोहीम, नागरिकांचे समाधान.' खाली पालिकेचा शिक्का निळा, पोलिसांचा जांभळा, दोघं कसे खांद्याला खांदा लावून उभे आहेत. मोहीम झाली त्याला दीड वर्ष होऊन गेलं आणि समाधान विचारायला तुम्ही आज उगवलात. नाही, तुमच्यावर राग नाही. मी बस आगारात चौतीस वर्षं गाड्यांच्या वेळा नोंदवल्यात. उशिरा येणाऱ्यावर चिडायची माझी ताकद तिथंच खर्च झाली.

"तक्रारदार तुम्हीच का?"

तक्रारदार माझी ताई. हे माझ्या पाठीमागचं शटर ना, ते तिचं शिवणकामाचं दुकान. आत आहे ती. मशीनवर बसली की तिला हाक मारायची सोय नाही. टाका चुकतो, मग मला बोलणी बसतात. म्हणून शटर ओढून घेतलंय. सही हवीय तिची? मिळेल. आधी गोष्ट.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला हिनंच वाढवलं. माझी पहिली विजार हिनं शिवली तेव्हा ही बारा वर्षांची. एक पाय गुडघ्यापर्यंत, दुसरा घोट्यापर्यंत. ती घालून मी शाळेत गेलो आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गानं घरी हट्ट धरला की आम्हालाही अशीच शिवा. हेडमास्तरसुद्धा आठवडाभर एक पाय दुमडून येत होते.

हसलात ना? म्हटलं होतं, विश्वास बसणार नाही.

तर ह्या तीन पायऱ्या. वरची, जिच्यावर मी बसलोय. मधली, जिच्यावर तुम्ही. आणि खालची, रस्त्याला टेकलेली. इथं रोज संध्याकाळी पाच वाजता चार बाप्ये येऊन बसायचे. पोरंसोरं नव्हेत हां. पस्तिशी-चाळिशीतले, पोटं सुटलेले संसारी गडी. त्यांचा म्होरक्या भोंगा. त्याच्या मोटारसायकलला असा भोंगा बसवलेला होता की तो वाजला की समोरच्या दवाखान्यातला ठार बहिरा म्हातारा "कोण आलंय?" म्हणून उठून बसायचा. दुसरा फांदी. उंच, वाळका आणि सगळीकडून वाकलेला. उरलेले दोघं नुसते हसायचे. त्यांना नाव ठेवायची कधी गरज पडली नाही.

बाटल्या प्यायचे आणि फोडायचे. स्पीकरवर गाणी लावायचे, एकाच वेळी दोन. थुंकायचे. दुकानात येणाऱ्या बाईला वाट द्यायची नाही, पाय पसरून ठेवायचे, आणि ती बिचारी ओलांडून गेली की तिच्या चालण्यावर काहीतरी बोलून चौघांनी खिदळायचं. ह्यात थाप नाही, बाई. ताईची गिऱ्हाइकं म्हणजे कामावरून सुटलेल्या बायका. त्या संध्याकाळीच येणार. पाच ते सात हे दोन तास म्हणजे तिचं दुकान. बाकी दिवसभर असतं ते नुसतं खोलीत ठेवलेलं मशीन.

एका सोमवारी त्या दवाखान्यातली नर्स आपला कोट न्यायला आली. अस्तर बदललेला, काज-बटणं नवी, ताईनं त्यावर तीन दिवस घालवलेले. नर्स पायऱ्या उतरत होती आणि भोंग्याची पिचकारी कोटाच्या पाठीवर बसली. त्यानं मुद्दाम केलं नव्हतं, असं तो म्हणाला. हसत हसत म्हणाला. ताईनं कोट परत घेतला, मोरीत बसून स्वतः धुतला, वाळत घातला आणि मग माझ्यासमोर येऊन बसली.

"बाळ," ती म्हणाली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला बाळ म्हणणारं जगात एकच माणूस उरलंय माझं. "पंचेचाळीस वर्षं मी हे मशीन चालवलं. आता येत्या महिन्याच्या अखेरपर्यंत पायरी मोकळी झाली नाही, तर मी लेकीकडे राहायला जाते. तिनं खोली रिकामी करून ठेवलीय."

"आणि मी?"

"तुला काय धाड भरलीय? तुला गप्पा मारायला भिंतसुद्धा चालते."

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता आणि पहिली तारीख. त्या महिन्यात मंगळवार पाच होते. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

त्याआधी वर्षभर मी तक्रारीचा एकच कागद घेऊन पालिका ते पोलीस आणि पोलीस ते पालिका अशा खेपा घालत होतो. पालिका म्हणायची, पायरी आमची आहे पण बसलेली माणसं आमची नाहीत. पोलीस म्हणायचे, माणसं आमची आहेत पण ती तुमच्या पालिकेच्या पायरीवर बसलीत. मी इतक्या वेळा गेलो-आलो की वाटेतल्या कुत्र्यानं माझ्यावर भुंकणं सोडून दिलं. पावसापाण्याचं माझ्याबरोबर चालत यायचं, पार पोलीस ठाण्याच्या फाटकापर्यंत. आत मात्र यायचं नाही. शहाणं होतं.

पण नशीब बघा. नेमकी त्याच पहिल्या तारखेला दोघांची संयुक्त समिती सुरू झाली आणि तिचं पहिलं काम म्हणून आमच्याच पायरीची पाहणी ठरली. मी ताईला म्हटलं, "बघ, आता दोघं एकत्र आलेत. आता कागद कुणाकडे टोलवणार?"

ताई म्हणाली, "येऊ देत."

पालिकेकडून आले टाचणीसाहेब. ह्यांच्या ओठांत कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या, कागदाला लावायला. त्यामुळं ते तोंड न उघडता बोलायचे. पोलिसांकडून जमादार, अंगानं भरलेला, खिसे शेंगांनी भरलेले. दोघांनी पायऱ्यांकडे पाहिलं, मग ताईकडे मोजपट्टी मागितली. ताईनं दिली. तिला वाटलं, माप घेतायत म्हणजे काहीतरी अंगाला बसणारं करतील.

मापं झाली. टाचणीसाहेब म्हणाले, "वरची पायरी खाजगी. मधली पालिकेची. खालची रस्त्याच्या हद्दीत, म्हणजे तिथं बंदोबस्त पोलिसांचा."

"माणूस बसतो कुठं?" जमादारानं विचारलं.

"मधल्या पायरीवर," मी म्हटलं.

"आणि पाय?"

"खालच्या."

टाचणीसाहेबांनी लिहून घेतलं. "म्हणजे बूड आमचं, पाय तुमचे."

"मान्य," जमादार म्हणाला. "आणि बाटली?"

ह्यावर पाऊण तास चर्चा झाली. शेवटी ठरलं की बाटली हातात आहे तोवर पोलिसांची, फुटली की पालिकेची. ताई इतका वेळ दारात उभी होती. ती म्हणाली, "आणि थुंकी? ती हवेत असताना कुणाची?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आपापल्या वहीत लिहिलं, 'मुद्दा पुढील बैठकीत.'

मग गस्तीची वेळ ठरली. दोन्ही खात्यांच्या गाड्या एकदमच मोकळ्या असतात असा आठवड्यात एकच तास निघाला. मंगळवारी सकाळी अकरा ते बारा.

मी म्हटलं, "साहेब, ते संध्याकाळी पाचला येतात."

जमादार म्हणाला, "पाचला आमची सगळी माणसं चौकात वाहतुकीला."

टाचणीसाहेब म्हणाले, "आणि आमचं ऑफिस साडेपाचला सुटतं. पाच वाजता आवराआवर असते."

"मग तुम्ही येऊन पाहणार काय?"

"वस्तुस्थिती," टाचणीसाहेब म्हणाले. एक टाचणी पडली, ती त्यांनी उचलून परत ओठांत धरली.

दुसरा मंगळवार. अकराच्या ठोक्याला जीप. चौतीस वर्षांत अकराची गाडी अकराला लागलेली मी पाहिली नव्हती, ती त्या दिवशी पाहिली. पुढे जमादार, मागे टाचणीसाहेब. पायरीवर चिटपाखरू नाही. वहीत शेरा, 'निरंक.' म्हणजे काहीच नाही, शून्य. मी काचा दाखवल्या. फुटलेली आहे म्हणजे पालिकेची, असं जमादार म्हणाला. झाडू बुधवारी असतो, असं टाचणीसाहेब म्हणाले. संध्याकाळी पाचला भोंगा आला आणि बुधवारी झाडायला आणखी थोड्या काचा करून गेला. त्या रात्री ताईनं थंडीचे कपडे पेटीत भरले.

तिसरा मंगळवार. निरंक. त्या दिवशी जमादार दमला होता, तो तुम्ही बसलाय तिथंच बसला, खिशातल्या शेंगा फोडून खाल्ल्या आणि टरफलं खालच्या पायरीवर टाकली. ताई झाडू घेऊन आली आणि त्याच्या बुटांच्या मधून तिनं टरफलं काढली. तो म्हणाला, "राहू द्या हो ताई, बुधवारी झाडू येतोच."  आत जाऊन ताईनं दोऱ्याची रिळं रंगांप्रमाणे लावून खोक्यात बंद केली. मी विचारलं, "हे कशाला?" तर म्हणे, "पसारा फार झालाय." पंचेचाळीस वर्षं त्या पसाऱ्याला कुणी हात लावलेला तिला खपला नव्हता.

चौथा मंगळवार. निरंक. टाचणीसाहेबांनी वही मिटली आणि म्हणाले, "लागोपाठ तीन भेटी निरंक गेल्या की फाइल बंद करायची, असा नियम आहे."

मी अक्षरशः हात जोडले. "साहेब, अहो माझी बहीण चाललीय! सामान बांधतेय ती आत. तुम्ही संध्याकाळी एकदा, फक्त एकदा या. जीप नको, चालत या. मी खुर्च्या टाकतो, चहा करतो."

"वेळापत्रकात बसत नाही," ते म्हणाले. मग त्यांना माझी दया आली असावी, कारण त्यांनी तोंडातल्या सगळ्या टाचण्या काढल्या. "पण माणुसकी म्हणून एक भेट वाढवतो. पुढच्या मंगळवारी, अकरा वाजता, उपद्रव हजर ठेवा."

"हजर ठेवू?"

"म्हणजे तुमच्याकडे असेल तर."

आता इथून पुढचं तुम्हाला मुळीच खरं वाटणार नाही.

त्या संध्याकाळी मी भोंग्याच्या शेजारी जाऊन बसलो.

"काय काका," तो म्हणाला, "आज ओरडायला आलात का नुसतं बघायला?"

"विनंती करायला आलोय. पुढच्या मंगळवारी सकाळी अकराला इथं येऊन बसाल का? जे रोज करता तेच करायचं, जास्त काही नको."

चौघांनी गाणी बंद केली. वर्षभरात पहिल्यांदा.

"मंगळवारी? सकाळी?" भोंगा गडबडला. "काका, आम्ही नोकरदार माणसं. सकाळी कामावर असतो."

फांदी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. भोंगा औषधांची गाडी चालवायचा. आणि ते हसणारे दोघं चक्क पालिकेच्या गोदामात होते. त्यांतला एक म्हणाला, "रजा टाकू, पण अर्जात कारण काय लिहू?"

"उपद्रव," मी म्हटलं.

"ते आमच्याकडे चालत नाही. आजारपण लागतं."

"पकडलं तर?" फांदीनं विचारलं.

"पकडणार नाहीत रे. नुसतं लिहून घेतील. मग बैठक होईल. मग कधीतरी पकडतील."

"मग हरकत नाही," भोंगा म्हणाला. मग बाटली खाली ठेवून म्हणाला, "येतो काका. ताईंसाठी येतो. शाळेत असताना माझी विजार फाटली होती, आई मारेल म्हणून मी रडत होतो. ताईंनी इथंच बसवून ठिगळ लावून दिलं होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग गाढवा, तिच्याच दारात थुंकतोस?"

त्यानं खरंच विचार केला. "इथं बरं वाटतं बसायला," तो म्हणाला. "घरी कुणी बसू देत नाही."

पाचवा मंगळवार. एकोणतीस तारीख. ताईची पेटी, वळकटी आणि खोकं दाराशी. भाची दोन दिवसांनी न्यायला येणार होती. पावणेअकराला चौघं हजर, शब्दाला जागले. पण कसे आले विचारा. इस्त्रीचे शर्ट, केसांना तेल, फांदीच्या हातात जेवणाचा डबा. मधल्या पायरीवर ओळीनं बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखे.

"करा सुरू," मी म्हटलं.

"काका, ऊन केवढं पडलंय," भोंगा म्हणाला. "सगळं दिसतंय की."

"गाणी लाव."

"समोर दवाखाना आहे हो. पेशंट असतात ह्या वेळेला."

"मग थुंक!"

"तोंडाला कोरड पडलीय."

तेवढ्यात दवाखान्यातून त्याची सासू बाहेर आली. "अगं बाई, जावईबापू? आज कामावर नाही?" भोंगा ताडकन उठला आणि कानापर्यंत लाल झाला. "नाही आई, जरा पायरीवर बसलोय." ती म्हणाली, "बसा बसा, चांगली जागा आहे." आणि गेली. त्यानंतर तर तो मान खाली घालून बसला, शाळेत उभं केल्यासारखा.

दहा वाजून सत्तावन्न मिनिटं. बाई, मी आयुष्यभर घड्याळाकडे बघून पोट भरलं, पण काटा असा धावताना कधी पाहिला नव्हता. आत ताईच्या पेटीची कडी लागल्याचा आवाज आला. माझं डोकं फिरलं. "अरे असं काय बसलाय मेल्यासारखं! असं करायचं असतं!" म्हणून मी ओरडलो. मला येणारं एकुलतं एक गाणं मी गायलो, बेंबीच्या देठापासून. खिशात माझ्या खोकल्याच्या औषधाची बाटली होती, ती खालच्या पायरीवर आपटून फोडली. भोंग्याच्या मोटारसायकलचा भोंगा दाबला आणि दाबूनच धरला. दवाखान्यातला बहिरा खिडकीत आला. आणि मी थुंकलो. बाई, मी थुंकलो, ताईच्या दारात.

अकरा वाजले. जीप वळली.

त्यांनी काय पाहिलं असेल ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. चार सभ्य गृहस्थ इस्त्रीच्या कपड्यांत आणि त्यांच्यासमोर एक म्हातारा थयथयाट करतोय. भोंगा उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, बरं झालं आलात. आम्हाला फार त्रास होतोय."

आणि मग ती संयुक्त कारवाई झाली! वा! वर्षभर जी दोन खाती एक कागद धड देवाणघेवाण करू शकली नाहीत, ती अशी हलली की बघत राहावं. माझा एक पाय मधल्या पायरीवर होता, एक खालच्या. डावा पालिकेनं धरला, उजवा पोलिसांनी. बाटली फुटण्याआधी हातात होती म्हणून पोलिसांचा कागद, फुटल्यावर पालिकेचा. थुंकीचा मुद्दा त्यांनी जीपमध्ये, मला मधे बसवून, निकाली काढला. पाच मिनिटांत दोघांच्या सह्या. अहवाल मी स्वतः वाचलाय. 'उपद्रवी आढळले, एक. बंदोबस्त केला, एक. मोहीम शंभर टक्के यशस्वी.' टाचणीसाहेबांनी तो भिंतीवर लावला. चारही कोपऱ्यांना टाचण्या.

मला मधल्या आणि खालच्या पायरीवर यायला बंदी झाली. म्हणून तर मी वरच्या पायरीवर बसतो. ही खाजगी आहे.

"मग पुढे काय झालं? ताई?"

ताई दुपारी एक वाजता मला सोडवायला ठाण्यात आली. जमादारानं दाखवलं तिथं तिनं सही केली. ज्या हातानं दीड हजार कोट शिवले, त्या हाताची सही वाकडी आली. घरी येईपर्यंत माझा हात तिनं सोडला नाही. रस्ता ओलांडताना लहानपणी धरायची तसा धरला होता. घरी आल्यावर तिनं मशीन पुसलं, तेल दिलं आणि त्यावर खोळ घातली.

"खोळ घातली?"

काढली. काढली म्हणालो मी. खोळ काढली आणि मशीन उचललं, अख्खं पायमशीन, बाई, एकटीनं, आणि आणून ठेवलं ह्या पायरीवर. संध्याकाळी पाचला ते चौघं आले, बसले. ताई त्यांच्या पाठीमागे. खट खट खट. त्यांना वाटलं, म्हातारी आपलं काम करतेय. तिनं चौघांचे शर्ट एकमेकांना शिवून टाकले, बसल्याजागी, दुहेरी टाका! भोंगा उठला तर फांदी उठला, फांदी उठला तर ते दोघं उठले, आणि चौघं आठ पायांच्या खेकड्यासारखे तिरके तिरके गल्लीच्या टोकापर्यंत गेले. भोंग्याच्या सासूनं कात्री आणून सोडवले म्हणतात. त्या दिवसापासून इथं कुणी बसलेलं नाही. वळकटी सुटली, रिळं परत फळीवर लागली. भाची आली तिला रिकाम्या हातानं परत पाठवली. बघा की, आहे का कुणी पायरीवर?

"आत्ता मंगळवारचे अकरा वाजलेत, आजोबा."

हो. म्हणजे काय?

"काही नाही. आणि ह्या काचा?"

त्या माझ्या औषधाच्या बाटलीच्या.

"दीड वर्षापूर्वीच्या? ह्या हिरव्या आहेत. आणि चार-पाच बाटल्यांच्या तरी असतील."

औषध हिरवं होतं. आणि खोकला मोठा होता. तुम्ही लिहा हो, 'पूर्ण समाधानी.' तुमच्या वरच्यांना बरं वाटेल आणि तुम्हाला लवकर घरी जाता येईल. झाले ना सात प्रश्न?

"सहा झाले. सातवा राहिला. तक्रारदार सध्या ह्याच पत्त्यावर राहतात का?"

आता हा काय प्रश्न झाला? इतका वेळ मी काय सांगतोय? आत आहे ती. ऐका, मशीनचा आवाज येतोय. नाही, तो न्हाव्याचा पंखा. थांबा जरा, ती दोरा ओवत असेल. ऐंशी वर्षांच्या बाईला सुईत दोरा ओवायला वेळ लागतो. मीच ओवून द्यायचो. देतो. मधूनमधून आत जाऊन देतो. सही म्हणाल तर कागद ठेवून जा, मी घेऊन ठेवीन. समोरच व्हायला हवी? बरं, मग ती पाटी इकडे द्या, मी खूण करतो, बहिणीच्या वतीनं भावाची चालत असेल. अहो, पेन पडलं तुमचं. राहू द्या, तुम्ही उठू नका, मी वाकून देतो—

"आजोबा, वाकू नका. तुम्ही वाकलात की शटरचं गंजलेलं कुलूप दिसतं."